बारा जणांची दोन वर्षं

हॉली बॉटम, केंटकी
सोमवार, १६ ऑक्टोबर

लायनस,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही.

कॉन्व्हेंटात सिस्टर ॲलॉयशिया सांगायच्या, रागाने लिहिलेलं पत्र एक रात्र उशीखाली ठेवावं आणि सकाळी फाडावं. मी हे तीन रात्री ठेवलं. राग होता तसाच आहे, म्हणून पाकिटात घालते आहे. फोनवर बोलले असते, पण तू मध्येच फोन ठेवतोस. कागद ठेवून देता येतो, मध्येच तोडता येत नाही.

नेल्डा, त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय, माझं बारीक अक्षर त्याला लागत नाही, तेव्हा हे तूच त्याला मोठ्याने वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. मधली वाक्यं गाळू नकोस. गाळलीस तर मला कळेल, कारण तुझा नवरा खुशीत दिसेल.

लायनस, मी त्या कोर्टात कारकून म्हणून सव्वीस वर्षं काढली. ज्युरीच्या नावांचं पिंप फिरवून चिठ्ठी काढणारी आणि नाव पुकारणारी मीच. बायको मारलेल्या माणसाची शिक्षा मी ऐकली आहे, चर्चचे पैसे खाल्लेल्या माणसाचीही. चेहरा कधी हलला नाही माझा. पण गुरुवारी तू उभा राहिलास, लाकडी पिंपं घडवणाऱ्या सुताराच्या त्या जाड बोटांत कागद धरलास आणि वाचलास: आम्ही ज्युरी आरोपीला तिसऱ्या दर्जाच्या घरफोडीबद्दल दोषी ठरवतो, आणि नंतर पुन्हा उभा राहून, तिला दोन वर्षांची शिक्षा ठरवतो. तेव्हा मी समोरचं बाक घट्ट धरून बसले होते. माझा सख्खा भाऊ. ज्युरीप्रमुख.

आयव्ही गुडलेटने काय केलं ते तू तीन दिवस ऐकलंस. तरी पुन्हा सांगते, कारण तुम्ही ते ऐकलंत असं मला वाटत नाही.

फेब्रुवारीत ओढा फुगला. टॅनयार्डच्या खालच्या वस्तीतली ट्रेलरची घरं खिडक्यांपर्यंत पाण्यात गेली. पाणीपुरवठा बंद, नळाला चिखल. तिकडे रस्तेखात्याच्या मागच्या गोदामात, उंचावर, कोरड्या जागेत, राज्यभरातल्या चर्चांनी पाठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि ब्लँकेटं छतापर्यंत रचलेली. दाराला कुलूप. का? तर काउंटीप्रमुखांचं म्हणणं, प्रत्येक कुटुंबाने आधी अर्ज भरावा. अर्जाची खिडकी कुठे? कोर्टाच्या इमारतीत. कोर्टाची इमारत कुठे? पुलाच्या पलीकडे. पूल कुठे? पाण्याखाली.

आयव्ही वीस वर्षांची. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिचं ते पोरापोरींचं मंडळ तुला माहीत आहे, शनिवारी ओढ्यातले टायर काढतात आणि म्हाताऱ्यांना दवाखान्यात पोचवतात. तुझ्या मोतीबिंदूच्या तपासणीला तुला कोण घेऊन जाणार होतं, आठवतं? त्यांच्यापैकीच कुणीतरी. पुराच्या तिसऱ्या दिवशी तिने लोखंड कापायच्या कातरीने कुलूप तोडलं, दोन मित्रांबरोबर मामाच्या सपाट बोटीत पाणी भरलं आणि घराघरांतून वाटलं. मग तिने स्वतः शेरीफच्या ऑफिसात फोन केला. म्हणाली, मी काउंटीचं गोदाम उघडलंय, नवीन कुलूप लावा, पण आज नका लावू.

सरकारी वकिलाने तो फोन तुम्हाला तीनदा ऐकवला. गुन्ह्याची कबुली म्हणे. अरे, चोर फोन करून सांगतो का?

त्या दोन मित्रांनी किरकोळ गुन्हा कबूल केला आणि घरी गेले. तिलाही तेच देऊ केलं होतं. न्यायाधीशासमोर 'मी चोरी केली' एवढं म्हणायचं होतं. ती म्हणाली, केली नाही तर म्हणू कशी. एका खोट्या वाक्याने सुटता आलं असतं, आणि ती सुटली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

दोषी म्हणालात, ते मी एक वेळ समजून घेईन. कुलूप तोडलं होतंच. पण दोन वर्षं?

रविवारी जेवायला येऊ नकोस. ॲपल पाय मी करेन. मी एकटी खाईन.

ऑगस्टा


मंगळवार, २४ ऑक्टोबर

लायनस,

तुझं उत्तर नेल्डाने फोनवर सांगितलं. दोन वाक्यं. ज्युरीच्या खोलीतलं खोलीतच राहतं, हे पहिलं. आणि दुसरं, गसला, म्हणजे मला, सांग की आम्ही पोरीला वाचवलं.

वाचवलं.

हा शब्द मी दिवसभर घरात घेऊन फिरले. भांडी घासताना, कोंबड्यांना दाणे टाकताना. शेवटी नेल्डाला उलटा फोन लावला. तिला दोष देऊ नकोस, तिच्याकडून मी बळजबरीने काढून घेतलं. तर असं झालं म्हणे. दोषी ठरवल्यावर तुम्हाला पुन्हा आत बसवलं, शिक्षा ठरवायला. रॉय स्टिथला पाच वर्षं हवी होती. पुरात त्याच्या पेंडीच्या दुकानाची खिडकी फोडून कुणीतरी माल नेला, तो कुणीतरी सापडला नाही, तेव्हा जी सापडली तिलाच पाच वर्षं. तिघी बायकांना कमीत कमी हवी होती, म्हणजे एक. बाकीचे मधल्यामध्ये लोंबकळत होते. आणि तू तंबाखूच्या लिलावात भाव पाडावा तसं स्टिथला पाचावरून चार, चारावरून तीन, तीनावरून दोनवर आणलंस. बारा जणांचं एकमत व्हायलाच हवं ना. ते झालं आणि तू समाधानाने बाहेर आलास.

आणि हे करताना तुमच्या डोक्यात काय होतं? पॅरोल खात्याचा तो लठ्ठ माणूस साक्षीला आला होता. त्याने तुम्हाला सांगितलं की अशा गुन्ह्यात शिक्षेचा पंधरा टक्के काळ भोगला की कैदी पॅरोलला पात्र होतो. मग तुम्ही हिशेब मांडलात. आयुष्यभर पिपांच्या फळ्या मोजल्यास तू, हिशेब चुकला नाही. दोन वर्षांचे पंधरा टक्के म्हणजे साडेतीन महिने. म्हणजे दोन वर्षं हे नुसतं नाव, प्रत्यक्षात साडेतीन महिने. स्टिथलाही बरं वाटेल आणि पोरगी जानेवारी संपता संपता घरी.

लायनस, पॅरोलला पात्र होणं म्हणजे सुटणं नव्हे. लग्नाला पात्र होणं म्हणजे लग्न होणं नव्हे. मी बहात्तर वर्षांची आहे, मला विचार.

पात्र झाल्यावर ती मंडळापुढे जाणार. मंडळ कागद बघणार. कागदावर काय, तर घरफोडी. समोर बसून विचारणार, केल्याचा पश्चात्ताप होतो का? आणि तुला काय वाटतं, जी मुलगी तुरुंग टाळायला 'चोरी केली' म्हणाली नाही, ती तिथे 'पश्चात्ताप होतो' म्हणेल? ते म्हणणार, मग पुढच्या वर्षी या. तुम्ही साडेतीन महिने नाही दिलेत. तुम्ही दोन वर्षं दिलीत, आणि पंधरा टक्के स्वतःच्या समाधानाला ठेवून घेतलेत.

बाकीच्या बहुतेक राज्यांत ज्युरी दोषी की निर्दोष एवढं सांगते आणि घरी जाते. वर्षं न्यायाधीश ठरवतो. आपल्याकडे ती बारा जणांच्या हातात. आपल्याला त्याचा केवढा अभिमान! माझ्या शेजाऱ्याला किती काळ डांबायचं ते राजधानीतला साहेब नाही, आम्ही ठरवणार. मलाही होता अभिमान. नवीन ज्युरींना मी तेच सांगायचे, कॉफी देता देता. शेजारी शेजाऱ्याला ओळखतो, म्हणून तो जपून तोलतो.

शेजाऱ्याने तोललं की टक्केवारीने भागलं, ते आता कळलं.

ऑगस्टा

नेल्डा, चर्चच्या जेवणात बर्गूच्या रश्श्याच्या पातेल्यांपाशी यंदा मी थांबणार नाही असं फादरना कळवलंय. लायनस ढवळणार असेल तर त्याने ढवळावं. मटण खाली लागू देऊ नका, त्याला लक्ष देता येत नाही.


गुरुवार, ९ नोव्हेंबर

लायनस,

दोन पत्रांना कागदावर उत्तर नाही. ठीक. तिसरं घे.

काल आयव्हीला भेटले. तिकडे काम होतं, वाटेत तुरुंग लागतो, म्हणून. गेल्या आठवड्यातही लागला होता.

निकाल लागल्याबरोबर न्यायाधीश लॅथम यांनी तिचा जामीन रद्द केला, हे तू पाहिलंस. अंतिम शिक्षा सुनावेपर्यंत ती काउंटीच्या तुरुंगात. आता तिथे समोरासमोर भेट नसते. मी पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर, ती मागच्या खोलीत, मध्ये एक भिंत, आणि आम्ही एकमेकींना टीव्हीवर बघतो. मी विचारलं, जेवायला काय देतात. म्हणाली, थंड मांसाच्या चकतीचं बोलोन्या सँडविच, आणि रविवारी त्याचं सरप्राइज. मी विचारलं, सरप्राइज कसलं. म्हणाली, मोहरीचा सॉस लावलेला असतो.

शेजारच्या कोठडीतल्या एका बाईला साखरेचा त्रास आहे. तिचे पाय सुजले तर कधी ओरडून पहारेकऱ्याला बोलवायचं ते आयव्हीने तिला शिकवलंय. पहारेकरीण आता आयव्हीलाच विचारते, ही खरंच आजारी आहे की नाटक करतेय. कॉलेजने या सत्रातून तिचं नाव काढलं. ते सांगताना मात्र ती टीव्हीच्या कडेला कुठेतरी बघत होती.

निघताना तिने विचारलं, तुमचे भाऊ कसे आहेत? निकाल वाचताना त्यांचा आवाज बसला होता.

मी म्हटलं, ठणठणीत आहे. काय म्हणणार होते?

आता कामाचं ऐक. तिचा वकील ओवेन ट्रिबल, तोच तो, कोटाच्या बाह्या दुसऱ्याच कुणाच्या असाव्यात असा. सरकारने गरिबांसाठी नेमलेला वकील, डोक्यावर शंभर खटले, पण हाडाचा आहे. मी त्याला गाठलं. तुम्ही ठरवलेली दोन वर्षं ही अजून शेवटची नाहीत. ४ डिसेंबरला लॅथमपुढे सुनावणी आहे. तुमच्या आकड्याच्या वर त्यांना जाता येत नाही. खाली येता येतं. आणि पहिलाच गुन्हा आहे, तेव्हा तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली घरी सोडता येतं. प्रोबेशन. कायद्याने त्यांना त्याचा विचार करावाच लागतो.

विचार करावाच लागतो, म्हणजे काय करतात ते मी सव्वीस वर्षं त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्यांच्या डाव्या हाताला बसून ऐकलंय. चष्मा वर सारायचा, कागद उलटायचा आणि म्हणायचं: बारा नागरिकांनी विचारपूर्वक ठरवलंय, ते मोडणारा मी कोण. पुढच्या वर्षी न्यायाधीशपदाची निवडणूक आहे, त्यांना पुन्हा मतं मागायचीत. स्टिथसारख्यांची मतं पुष्कळ आहेत.

म्हणजे आता एकच गोष्ट त्यांच्या वाक्याला अडवू शकते. त्या बारा जणांपैकी कुणीतरी समोर उभं राहून सांगायचं की आमच्या नावावर ही शिक्षा टोलवू नका.

तू ज्युरीप्रमुख होतास. तू जा.

ऑगस्टा


मंगळवार, २१ नोव्हेंबर

लायनस,

काल तू आलास ते बरं केलंस. कॉफी अर्धी टाकून गेलास ते बरं केलं नाहीस. तू बोललास तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही, म्हणून लिहिते. बोलताना माझी जीभ आधी पोचते आणि डोकं मागून येतं, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तू ओसरीवर उभा होतास, टोपी हातात, आणि मी दार उघडून म्हटलं की वाट चुकलास का. तू म्हणालास, "गस, आम्ही विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"तिला तुरुंगात न पाठवता काही करता येतं का. शिक्षेवर बसलो तेव्हा पहिलं तेच विचारलं. स्टिथ सोडून सगळ्यांना तेच हवं होतं."

"मग?"

"लॅथम म्हणाले, तुम्हाला लेखी सूचना दिल्यात, त्यांच्यातच राहा. सूचनांत एक ते पाच एवढंच होतं. शून्य नव्हतं."

मी तेव्हा कॉफी ओतायला आत वळले. तुला वाटलं मी अजून चिडलेली आहे. होतेच, पण तुझ्यावर नाही. मी सव्वीस वर्षं त्या सूचना टाइप केल्या, लायनस. एक ते पाच. प्रोबेशनचं ज्युरीला सांगायचं नाही, हा नियम मला पाठ होता. का सांगायचं नाही, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. नियम होता.

आता बघ कसं गमतीशीर आहे. पॅरोलचं तुम्हाला सांगतात, म्हणजे तुम्ही वर्षं वाढवून देता. प्रोबेशनचं सांगत नाहीत, म्हणजे सोडून द्यायचं तुमच्या डोक्यातच येऊ नये. डोक्यात आलं आणि विचारलंत, तर म्हणतात सूचनांत राहा. मग तुम्ही आत बसून म्हणता, न्यायाधीश बघून घेतील. न्यायाधीश म्हणतात, बारा जणांनी ठरवलंय. उद्या पॅरोलचं मंडळ म्हणेल, ज्युरीने आणि न्यायाधीशांनी ठरवलंय. सगळ्यांचे हात स्वच्छ, आणि पोरगी नारिंगी कपड्यांत.

आणि आधीचं तर विसरूच नकोस. ओवेनने सुरुवातीलाच मागितलं होतं की ज्युरीला एक गोष्ट सांगा: मोठं नुकसान टाळायला लहान कायदा मोडला तर तो गुन्हा होत नाही. आपल्या कायद्यात तसं लिहिलंय, पांढऱ्यावर काळं. लॅथम म्हणाले, सांगणार नाही, कारण तिच्यापुढे कायदेशीर मार्ग होता. कुठला मार्ग? अर्जाची खिडकी. पोहत जायचं होतं वाटतं.

तू दोन अडचणी सांगितल्यास. पहिली, तू शपथ घेतली होतीस. ऐक. निकालानंतर ज्युरीला मोकळं करताना लॅथम स्वतः म्हणाले की आता कुणाशी बोलायचं की नाही हा तुमचा प्रश्न. शपथ संपली. आत काय बोललात त्याच्यावरून निकाल उलटत नाही, तसा कायदाच आहे, पण तू निकाल उलटवायला जात नाहीयेस.

दुसरी अडचण स्टिथ. पिपांच्या कारखान्यातली जुनी मंडळी त्याच्याकडे पेंड घेतात, शुक्रवारी त्याच्या दुकानात पत्ते खेळतात, आणि तू गेलास तर तुला खेळायला घेणार नाहीत. ही अडचण मला सांगताना तू खिडकीबाहेर बघत होतास. तुला लाज वाटत होती, आणि वाटायलाच हवी होती, म्हणून मी त्यावर काही बोलत नाही.

कॉफी पुन्हा प्यायला येशील तर पूर्ण पी.

ऑगस्टा


शुक्रवार, १ डिसेंबर

प्रिय लायनस,

नेल्डाने सांगितलं की तू ज्युरीतल्या त्या तिघी बायकांना आणि शाळेची बस चालवणाऱ्या हॅगनला भेटून आलास. मला काही सांगितलं नाहीस, तेही तिने सांगितलं.

सोमवारी सकाळी नऊ. दुसरा मजला. कारकुनाला नाव द्या, ओवेन तुम्हाला पुकारेल. करडा कोट घाल. आत कोण काय म्हणालं हे एक अक्षर सांगू नकोस, सरकारी वकील तेवढ्यावरच उडी घेईल. स्टिथचं नाव तर अजिबात नको. आयव्ही किती चांगली आहे यावर भाषण करू नकोस, ते सगळेच करतात. तुला आता काय वाटतं तेवढं बोल आणि खाली बस. लॅथमना 'जज्जसाहेब' म्हण. बिस्किटं घेऊन जाऊ नकोस. नेल्डा, तू ऐकतेस ना. न्यायाधीशाला बिस्किटं नेत नाहीत, आजारी असला तरी.

तुला घाम येईल. मलाही पहिल्या दिवशी आला होता, नुसती नावं पुकारायची होती तरी.

मी मागच्या बाकावर असेन. मागे वळून बघू नकोस.

ऑगस्टा


बुधवार, ६ डिसेंबर

प्रिय लायनस,

तू सोमवारी कोर्टाच्या पायऱ्यांवरून थेट गाडीत बसलास आणि नेल्डाने मला हात करून निरोप घेतला. मी तुला थांबवलं नाही. आज लिहिते.

आधी तुझं श्रेय तुला. आयव्हीला आणलं, पायांत साखळी, हे तू पाहिलंस. ओवेन बोलला, चांगला बोलला, बाह्या धरून. सरकारी वकील बोलला. लॅथमनी चष्मा वर सारला, कागद उलटला आणि म्हणाले की बारा नागरिकांनी विचारपूर्वक ठरवलंय. वाक्य पुरं व्हायच्या आत ओवेनने तुझं नाव पुकारलं. सरकारी वकील उठला, हरकत घेतली. लॅथम तुझ्याकडे बघत म्हणाले, "मिस्टर ॲबेल, निकालात काही चूक झाली असं सांगायला आला असाल तर मला ते ऐकता येणार नाही."

"नाही, जज्जसाहेब. दोन वर्षं आम्हीच लिहिली."

"मग काय सांगायचंय?"

"तुम्ही आम्हाला किती, एवढंच विचारलंत. पाठवायचं का, हे विचारलं नाहीत. ते विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. हे चौघंही नाही म्हणाले असते. तेव्हा आम्ही पाठवायला सांगितलं असं म्हणू नका."

आणि खाली बसलास. करड्या कोटाचं पाठीवरचं कापड ओलं झालं होतं, मला मागून दिसत होतं.

इतक्या वर्षांत मी त्या माणसाला शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. त्याचं नेहमीचं वाक्य नुकतंच तोंडातून निघालं होतं आणि खोलीत उभं होतं, त्याला बसायला खुर्ची मिळेना. तो बराच वेळ कागद वाचत राहिला, जणू तो बदलणार होता. मग म्हणाला, दोन वर्षांची शिक्षा कायम, पण तिची अंमलबजावणी थांबवून पाच वर्षं देखरेखीखाली घरी. काउंटीच्या कुठल्याही मालमत्तेजवळ जायचं नाही. पूर आला, वादळ आलं, तरी मदतीच्या कामात भाग घ्यायचा नाही. हे शेवटचं ऐकलंस ना? एका नर्सला.

पण ती घरी गेली. तू उभा राहिला नसतास तर गेली नसती. हे मी लिहून देते, जपून ठेव.

आता पायऱ्यांवरचं. दुपारी तिची साखळी काढून तिला बाजूच्या दाराने सोडलं, तिची आई ब्लँकेटसारखा मोठा स्वेटर घेऊन उभी होती. तिघी बायकांनी तिला मिठी मारली. हॅगन रडला. तू टोपी काढून पुढे झालास. मला वाटलं, आता ती तुझे आभार मानेल आणि तू लाजशील, आणि मी आठ आठवड्यांत पहिल्यांदा तुला बरं काहीतरी बोलेन. वाक्य तयारसुद्धा होतं माझं.

तिने आभार मानले. नीट, तुझा हात हातात घेऊन. आणि मग म्हणाली, "मिस्टर ॲबेल, त्या दिवशी तुम्ही सगळेच मला दोषी म्हणालात. रागाने विचारत नाही. मला खरंच कळायचंय. मी काय करायला हवं होतं?"

तू माझ्याकडे बघितलंस.

लायनस, मी आठ आठवडे तुझ्यावर ओरडले ते वर्षांवरून. एक की दोन की पाच. दोषी म्हणालात ते समजून घेईन, असं मी पहिल्याच पत्रात मोठ्या मनाने लिहून टाकलं होतं. ती त्या टीव्हीवर दर आठवड्याला माझ्यासमोर बसली, मी तिला मोहरी आणि सँडविच विचारलं, सुनावणीची तारीख सांगितली, आणि हे एकदाही विचारलं नाही की तुला स्वतःला सगळ्यात जास्त काय लागलं. तिला वर्षं लागली नव्हती. तिला दोषी लागलं होतं. टॅनयार्डच्या वस्तीत पाणी पोचवणं चूक, असं तिच्या ओळखीच्या बारा माणसांनी एकमताने लिहून दिलं, आणि त्यांच्यातल्या एकालाही तिला सांगता येत नाही की मग बरोबर काय होतं.

ओवेन अपील करणार आहे, लॅथमनी तो कायदा तुम्हाला ऐकू दिला नाही म्हणून. वर्ष लागेल, कदाचित जास्त. तोवर कागदावर ती घरफोडी करणारी. कॉलेजने कळवलंय की रुग्णालयातल्या प्रशिक्षणाला असा शिक्का चालत नाही. सध्या ती आईबरोबर लाँड्रीत चादरींच्या घड्या करते.

म्हणून तुला हे शेवटचं सांगते, आणि सांगताना मी रागावलेली नाही, निदान तुझ्यावर नाही. ती मंगळवारी आणि गुरुवारी दुपारनंतर घरी असते. वरच्या रस्त्यावर, गुडलेटांचं हिरव्या पत्र्याचं घर. तू जा. नेल्डाला नेऊ नकोस, मला बोलवू नकोस, मी तुझ्या वतीने बोलायला लागेन आणि तुला तेच हवं असतं. हातात काही घेऊ नकोस.

उत्तर सापडलं नसेल तरी जा, आणि सापडलं नाही असं तिला तोंडाने सांग. तिने हे लॅथमना विचारलं नाही, काउंटीप्रमुखाला विचारलं नाही. त्यांच्याकडे उत्तराची अपेक्षाच नसावी तिला. तिने तुला विचारलंय.

तुझी बहीण,
ऑगस्टा